ताण तोडायचा कधी?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्य' असा विषय छापला आहे. तो वाचून पाच-सहा जण खर्रा घोटायला मंडपाबाहेर गेले, ते मी इथून पाहिले. त्यांचाही विषय पुढे येणार आहे, तेव्हा कोणीतरी त्यांना बोलावून आणा.

मी डॉक्टर नाही. शेतकी कॉलेजात माती आणि पिके शिकलो, आणि पुढे नोकरी सोडून संघटनेत आलो. पण गावोगाव तुमच्या ओट्यांवर बसताना एक प्रश्न मला खताच्या मात्रेपेक्षा जास्त वेळा विचारला जातो. "भाऊ, अंगात त्राण नाही. झोप लागत नाही, लागली तर दोन वाजता उघडते. छाती धडधडते. मुलं काही बोलली तर अंगावर धावून जावंसं वाटतं. काहीतरी टॉनिक सांगा."

या प्रश्नाचे उत्तर विकणारे लोक आता गावात आले आहेत. पूर्वी ते आठवडी बाजारात चटई टाकून बसत, आता मोबाईलवरही दिसतात आणि ओळखीच्या माणसाला एजंट करून घरातही शिरतात. त्यांचे म्हणणे असे की चिंतेने तुमची ॲड्रेनल नावाची ग्रंथी थकून गेली आहे आणि ती ताजीतवानी करण्यासाठी ही कॅप्सूल, हे चूर्ण, हा काढा घ्या. सगळे 'नैसर्गिक', म्हणून बिनधास्त घ्या. बोंडअळीच्या औषधाला उधारी करणारा माणूस तीन महिन्यांच्या 'कोर्स'ला रोख पैसे मोजतो. हे पाहूनच मी हा विषय मागून घेतला.

आधी आपल्या भाषेत बोलू. 'ताण' हा शब्द आपल्याला डॉक्टरांनी शिकवलेला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या संत्रावाल्यांना विचारा. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्याच्या तोंडाशी झाडाचे पाणी बंद करतात. पाने मलूल होतात, काही गळतात. भारी जमिनीत दीड-दोन महिने, हलक्या जमिनीत त्याहून कमी दिवस असे ठेवतात. मग आंबवणीचे हलके पाणी, त्यानंतर चिंबवणीचे, आणि झाड फुलावर येते. याला 'ताण देणे' आणि 'ताण तोडणे' म्हणतात. ताणाशिवाय बहार नाही, हे प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. पण ज्याने वेळेवर ताण तोडला नाही, त्याच्या बागेत शेंड्याकडून सल पडत जाते आणि झाड हातचे जाते. झाड ताणाने मेले, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ते ताण न तुटल्याने मेलेले असते.

आज मला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सगळा तपशील आहे, पण तपशिलात पैसा आणि जीव दोन्ही गुंतलेले आहेत, म्हणून ऐका.

ॲड्रेनल ग्रंथी दोन असतात. एकेका मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी ठेवल्यासारखी एकेक. वजन एकीचे चार-पाच ग्रॅम, म्हणजे शेंगदाण्याच्या आठ-दहा दाण्यांएवढे. आतला गाभा ॲड्रेनलिन सोडतो आणि बाहेरचा थर कॉर्टिसॉल आणि इतर काही रसायने तयार करतो. रात्री जागलीला गेला आहात आणि बॅटरीच्या उजेडात पायापाशी साप दिसला, तर काय होते? विचार करायच्या आत तुम्ही मागे उडी मारलेली असते. काळीज धडधडते, श्वास वाढतो, तोंड कोरडे पडते, रक्तात साखर उतरते, ठेच लागलेली कळत नाही. हे गाभ्याचे काम, काही क्षणांत होणारे. मागोमाग कॉर्टिसॉल चढते, ते शरीराला पुढच्या तास-दोन तासांच्या झुंजीसाठी इंधन पुरवते. साप निघून गेला, तुम्ही माचणावर येऊन बसलात, बिडी पेटवलीत, शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारून सांगितलेत, की हळूहळू सगळे खाली येते. ताण आला, ताण तुटला. यात काहीच बिघडलेले नाही. ही ग्रंथी नसती तर आपण कोणी जिवंत राहिलो नसतो.

१९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विष, कारण कोणतेही असो, उंदराचे शरीर एकाच ठराविक पद्धतीने उत्तर देते आणि त्यात ही ग्रंथी वाढते, असे त्याला दिसले. पुढे याच अर्थाने 'स्ट्रेस' हा शब्द जगभर रूढ झाला. शरीराला साप आणि बँकेची नोटीस यांतला फरक कळत नाही. फरक एवढाच की साप निघून जातो. नोटीस मात्र पेटीत राहते आणि रात्री अंथरुणावर पडले की पेटीतून बाहेर येते.

आता पिकांकडे पाहा. पावसाने तीन आठवडे दडी मारली की ज्वारी काय करते? पाने गुंडाळते, अंगावरच्या मेणाच्या थरात पाणी राखते आणि वाढ थांबवून उभी राहते. पाऊस आला की पुन्हा चालू लागते. म्हणून ती कोरडवाहूची राणी. पऱ्हाटीची रीत वेगळी. तिला ताण पडला की ती पात्या आणि लहान बोंडे टाकून देते, जेवढी पोसता येतील तेवढीच ठेवते. लांबलेल्या खंडानंतर एकदम धो-धो पाऊस आला तरीही पातेगळ होते, हे तुम्ही पाहिले आहे. मग आपण दुकानात धावतो आणि पातेगळ थांबवायचे औषध आणतो. मुळाशी ओल नाही, आणि आपण पानावर टॉनिक मारतो! कॅप्सूलवाला तुमच्याशी हेच करतो आहे.

तर ही ग्रंथी चिंतेने 'थकते' का? 'ॲड्रेनल फटीग' हे नाव १९९८ साली जेम्स विल्सन या अमेरिकन गृहस्थाने काढले. नाव चांगले आहे, ऐकणाऱ्याला लगेच आपले वाटते, म्हणून ते खपले. २०१६ साली ब्राझीलमधल्या दोन डॉक्टरांनी या विषयावरचे ५८ अभ्यास तपासले आणि असा आजार असल्याचा पुरावा सापडत नाही, असा स्पष्ट निष्कर्ष काढला. हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संस्थाही हा आजार मानत नाहीत. थकवा खोटा नाही, भावांनो. थकवा शंभर टक्के खरा आहे. पण ग्रंथी रिकामी झालेली नाही. तिला जो हुकूम रात्रंदिवस मिळतो आहे तो ती बजावते आहे. बैल दमला नाही, पण कासरा सारखा ओढला जातो आहे, अशी ही गोष्ट आहे.

ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार वेगळा, आणि तो जीवघेणा आहे. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरने तो लिहून ठेवला, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात. आपल्या देशात त्याचे एक जुने कारण म्हणजे क्षयरोग, जो फुप्फुसातून तिथवर पोचतो. वजन उतरत जाते, उठून उभे राहताच चक्कर येते, ओकाऱ्या होतात, मीठ खावेसे वाटते आणि कातडी काळवंडते. आता आपण तर सगळे उन्हाने रापलेले, मग ओळखायचे कसे? उन्ह लागत नाही तिथे पाहा. हिरड्या, तळहाताच्या रेघा, जुन्या जखमांचे वण. तिथे काळेपणा नव्याने आला असेल, शिवाय वरची लक्षणे असतील, तर जिल्हा रुग्णालय गाठा. सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्त घेऊन कॉर्टिसॉल तपासतात. हा आजार फार थोड्यांना होतो. पण ज्याला होतो त्याला चूर्ण देत बसणे म्हणजे त्याला मारणे आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. शिकलेला माणूस किती मूर्ख असू शकतो, हे तुम्हाला कळलेले बरे.

आठ वर्षांपूर्वी मोटारसायकलवर फिरून फिरून माझी कंबर धरली. रात्री जागरण, सकाळी सभा. एका बाजारात एका वैदूने पुड्या दिल्या. दिवसाला तीन, जंगलातल्या मुळ्यांच्या, म्हणाला. मी पदवीधर, मी विचारायला हवे होते की कोणती मुळी. विचारले नाही. तिसऱ्या दिवशी कंबर गेली कुठे, कळले नाही! भूक वाढली, उत्साह आला, चार तास झोपून मी ताजा. ओळखीच्या दहा जणांना मी त्या वैदूचा पत्ता दिला, याची आजही लाज वाटते. चार महिन्यांत तोंड गोल झाले, पोट सुटले, हातपाय मात्र काटकुळे. लोक म्हणाले, भाऊंना संघटना मानवली.

मग तो वैदू लागोपाठ दोन बाजार आलाच नाही. पुड्या संपल्या. चौथ्या दिवशी एका गावच्या बैठकीत बोलायला उभा राहिलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळलो. ओकाऱ्या थांबेनात, रक्तदाब मिळेना. कार्यकर्त्यांनी जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "पुड्या खाताय का?"

पुडीत मुळी असेलही. पण गुण मुळीचा नव्हता. त्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घातलेली असणार, असे बाई म्हणाल्या. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या असल्या पुड्यांत हा प्रकार देशात ठिकठिकाणी सापडला आहे. स्टेरॉइड म्हणजे ही ग्रंथी जे कॉर्टिसॉल बनवते त्याचेच भाऊबंद. औषध म्हणून ते वाईट नाही. १९४८ साली अमेरिकेत संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन पहिल्यांदा दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. त्या कामाला १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याच्या झटक्यात आजही ते जीव वाचवते. वाईट काय, तर ते न सांगता, न मोजता, महिनोन्‌महिने देणे.

कारण बाहेरून आयते मिळू लागले की मेंदू ग्रंथीला हुकूम देणे बंद करतो. कामच नाही म्हटल्यावर ग्रंथी आक्रसते. बैल सहा महिने गोठ्यात बांधून ठेवलात आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती केलीत, आणि एके दिवशी ट्रॅक्टरवाला आलाच नाही, म्हणून त्या बैलाला एकदम खोल नांगरटीला जुंपलेत, तर तो बसेल की नाही? माझे तेच झाले. माझे सकाळचे कॉर्टिसॉल जवळजवळ शून्यावर होते. डॉक्टरांनी तेच औषध मोजून दिले आणि थेंबाथेंबाने कमी करत आणले. ग्रंथी पुन्हा कामाला लागायला आठ महिने गेले.

म्हणजे पाहा, ग्रंथी थकली म्हणून सांगून विकलेली वस्तू कधीकधी ग्रंथीला खरोखर निजवते. इथे कोणी अशा पुड्या खात असेल तर त्याने हात वर करू नये, पण माझे दोन शब्द लक्षात ठेवावे. पहिला, आज भाषण ऐकले म्हणून पुडी आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. त्यात जीवाला धोका आहे. दुसरा, पुडी खिशात घालून डॉक्टरकडे जा आणि किती दिवस खाल्ली ते न लाजता सांगा. कमी कशी करायची ते डॉक्टर ठरवतील.

आता कोणी विचारेल, मग जडीबुटी सगळी खोटीच का? तसे मी म्हणणार नाही. अश्वगंधा घ्या, आपल्याकडचे आसकंद. कोरडवाहू पीक आहे, नीमच-मंदसौर भागात त्याची शेती होते. २०१२ साली आपल्याच देशात ६४ माणसांवर साठ दिवसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुळीचा अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातले कॉर्टिसॉल दोन्ही कमी झाले. असे आणखीही काही लहान अभ्यास आहेत. शेतकीत आपण एका हंगामाच्या, चार वाफ्यांच्या प्रयोगावर वाण शिफारस करतो का? नाही ना. तेवढाच भरवसा इथे ठेवायचा. शिवाय काही जणांच्या यकृताला त्याने इजा झाल्याची नोंद आहे, थायरॉइडच्या रोग्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटुशा बाईने तर मुळीच नाही. २०२३ साली डेन्मार्कने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. मला ती बंदी जरा जास्त वाटते, पण तो माझा अंदाज.

ज्येष्ठमधाचे उलटे आहे. खोकल्याला कांडी चघळली तर ठीक. पण ग्रंथीला बळ येते म्हणून रोज काढा पिणाऱ्याच्या अंगात मीठ-पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरते. ज्याला आधीच ब्लडप्रेशर आहे त्याने या वाटेला जाऊच नये. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे? धोतरा काय कारखान्यात बनतो?

जाता जाता एक. ही झाडे लावा, आम्ही हमीभावाने परत घेऊ, असे सांगत रोपेवाले येतील. सफेद मुसळीच्या वेळी आपले कितीजण बुडाले ते आठवा. तो विषय वेगळ्या बैठकीचा आहे.

मग ताण तोडायचा कशाने? मी जे सांगणार आहे ते विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

पहिली झोप, आणि मी तिच्यावरच जास्त वेळ घेणार आहे. कॉर्टिसॉलला स्वतःचे घड्याळ असते. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वांत खाली असते, पहाटेपासून चढू लागते आणि उठल्यावर अर्ध्या तासाने शिगेला पोचते. त्या जोरावर माणूस कामाला लागतो. दिवसभर ते उतरत जाते. म्हणजे निसर्गाने रोज रात्री ताण तोडायची सोय केलेलीच आहे. रात्र जागवली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उतरायला हवे तसे उतरत नाही. आणि आपल्या रात्री कोणी नेल्या? ओलिताची वीज रात्रीची येते. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांना रानडुक्कर आणि रोही झोपू देत नाहीत. ज्वारी दाण्यावर आली की पंधरवडा-पंधरवडा माणूस वावरात असतो आणि दिवसा पुन्हा कामाला. दिवसा वीज मागणे ही आपली मागणी मोटर जळते आणि साप चावतो म्हणून तर आहेच. ती या ग्रंथीसाठीही आहे, हे पुढच्या निवेदनात लिहायला हरकत नाही.

तोवर काय? जागल एकट्याने रोज करू नका, शेजारच्या चार वावरांनी पाळ्या लावा. चारांत एक, म्हणजे चौथ्या दिवशी एक रात्र जागायची आणि तीन रात्री सलग झोप. जागलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखाली अर्धा-पाऊण तास पडा. बायको काय म्हणेल याची चिंता करू नका, तिलाही पडू द्या. तिची गोष्ट तर आपण बोलतच नाही. घरात सर्वांत आधी उठते ती आणि शेवटी निजते ती. दिवसभर वेचणी, मग चूल. मायबहिणींनो, अंगात त्राण नाही ही तक्रार तुमची असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुष्कळदा ग्रंथीबिंथी काही नसते, रक्त कमी असते. थायरॉइड, साखर, क्षय, आपल्या भागात सिकलसेल, हेही पाहून घ्यावे. सरकारी दवाखान्यात या तपासण्यांची सोय आहे.

दुसरे, पोट. सकाळी कोरा चहा, दहाला चहा, आणि पहिली भाकर दुपारी दोनला, ही आपली रीत. पोट रिकामे असले की रक्तातली साखर टिकवण्यासाठी शरीर याच ग्रंथीला कामाला लावते. म्हणजे फुकटचा ताण. वावरात जायच्या आधी अर्धी भाकर, रात्रीची का होईना, वरणाशी किंवा अंबाडीच्या भाजीशी खा. ज्वारीची भाकर पोटात हळू उतरते, साखर एकदम चढत-पडत नाही. आपण पिकवतो ती ज्वारी बाजारात आणि घरात रेशनचा गहू, हा उलटा व्यवहार का करतो आपण? संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडा, त्याची तार पाच-सहा तास उतरत नाही.

आता खर्रावाले आले आहेत ना? तंबाखूने डोके शांत होते असे वाटते. खरे तर निकोटीन त्याच ग्रंथीतून ॲड्रेनलिन काढते. शांत वाटते कारण तलफ भागली, आणि तलफ लावली कोणी? त्यानेच. दारूचेही तसेच. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते, आणि दोन वाजता उघडणारे डोळे पुष्कळदा त्या ग्लासाचेच असतात. मी उपदेश करत नाही, हिशेब सांगतो.

तिसरे, श्वास. याला पैसा लागत नाही आणि वेळ दहा मिनिटे. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे चार-पाच सेकंद आत, पाच-सहा सेकंद बाहेर, नाकाने, जोर न लावता. यामुळे काळजाचा वेग कमी होतो, रक्तदाब थोडा उतरतो. ज्यांना मोजत बसणे जमत नाही त्यांनी हरिपाठाला बसावे. लांब सुरात म्हणताना श्वास आपोआप लांबतो, आणि चार माणसे शेजारी असतात ते वेगळेच.

फवारणीबद्दल एक सावधगिरी. फवारणीनंतर घाम, लाळ, डोळ्यांना अंधुक दिसणे, मळमळ, छाती आवळणे, हे ताणाने होत नाही, ती विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर फवारणीच्या विषाने गेले. घरी झोपवून ठेवू नका, अंग धुवा, कपडे बदला आणि डब्यासह दवाखान्यात न्या.

आता शेवटचे, जे मला सर्वांत अवघड वाटते. झोप, भाकर, श्वास हे सगळे केले आणि पावसाने दगा दिला तर? केनियात गरीब शेतकऱ्यांच्या शरीरातले कॉर्टिसॉल मोजले गेले. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात दिसले की पाऊस कमी पडला की ते चढते, आणि ज्यांचे पोट फक्त शेतीवर आहे त्यांच्यात जास्त चढते. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तोच शेतकरी, तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि चुकारा मिळाल्यावर, बुद्धीच्या सारख्याच चाचण्यांना बसवला. पैसा हातात आल्यावर त्याचे गुण वाढले. माणूस तोच, डोके तेच. म्हणजे तंगी माणसाचा विचारच अडवून धरते. तेव्हा शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणणाऱ्यांना हे सांगा. आणि आपणही एक ठरवू. वेचणीच्या आधीच्या दोन महिन्यांत कर्जाचा कागद, जमिनीचा कागद, मुलीच्या लग्नातल्या देण्याघेण्याचा शब्द, यांतले काहीही एकट्याने करायचे नाही. ज्याच्या डोक्यावर त्या आठवड्यात नोटीस नाही असा एक माणूस बरोबर न्यायचा. सही दुसऱ्या दिवशी करायची.

ज्याचा ताण कशानेच तुटत नाही, जो बोलायचा थांबला आहे, ज्याला जेवण नको, बैठक नको, त्याला एकटे सोडू नका. घरातले कीटकनाशक कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, हे सांगताना लाजू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही वेडंवाकडं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात येत नाही, आलेले असेल तर बाहेर पडते. टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. हा नंबर सोसायटीच्या फळ्यावर लिहा.

मंडपाच्या डाव्या हाताला टेबल आहे. तिथे सिस्टरबाई ब्लडप्रेशर पाहतील. पुड्या, चूर्णे, कॅप्सूल जे कोणी घेत असतील त्यांनी ते माझ्याकडे आणून दाखवावे, नाव लिहून घेणार नाही. आणि प्रत्येक गावाच्या प्रतिनिधीला एक कोरा कागद दिला आहे. त्यावर जागलीच्या पाळ्या लावायच्या आहेत, वावरांच्या शेजाराप्रमाणे. ज्वारी निसवायच्या आत. जेवणाची सुट्टी होण्याआधी ते कागद माझ्याकडे यावेत.